उभ्या गाडीचं तेल

परवा धरमपेठेतल्या गॅरेजात माझ्या गाडीचं इंजिन ऑइल काढलं. तो जळका वास आला आणि बाबा आठवले.

आई गेली तो उन्हाळा. याच गॅरेजात मिस्त्रीनं बाबांपुढे काळं तेल धरलं. "काकाजी, गाडी तर फारशी चाललीच नाही. तेल काहून जळलं?"

"उभ्या उभ्या चालू राहते गा," बाबा म्हणाले.

रोज संध्याकाळी ऑफिसातून आले की आमच्या खिडकीखाली इंजिनाची घरघर कितीतरी वेळ चालायची. मला वाटायचं, उकाड्यानं एसीत बसले असतील. मी चहा पुन्हा गरम करायची.

परवा मिस्त्रीनं मलाही तेच विचारलं. माझे यजमान गेल्यापासून मी घरी पोचले, की माझाही हात किल्लीवर नुसता राहतो. इंजिन बंद केलं, की वर जावं लागतं.