अक्काच्या लुगड्याचा काठ

"माझ्या विधवा बहिणीला लाल काठाचं लुगडं कोणी नेसवलं?"

सावद्याचे केळीवाले भाऊ आमच्या जळगावच्या स्टुडिओत उभे राहून ओरडत होते. आवाज असा, की रावेरला ट्रकमध्ये भरलेली हिरवी केळी जागच्या जागी पिवळी झाली असतील. आमचे हे काउंटरमागं फोटो हातात धरून उभे. मी पडद्याआडून ऐकत होते. म्हणजे पडदा सारून, चांगली पुढं येऊन ऐकत होते.

झालं होतं असं. भाऊंना बठ्ठं खटलं, म्हणजे घरातलं झाडून सगळं माणूस, एकाच फोटोत हवं होतं, मागच्या बागेसकट, आणि तेही रंगीत. खटलं एवढं, की साध्या लेन्सनं काढायचं तर ह्यांना मागं सरता सरता तापीत उतरावं लागलं असतं. म्हणून ह्यांनी मुंबईहून आणलेलं जपानी भिंग लावलं. त्याला म्हणतात माशाचा डोळा. हे नाव मी आमच्या मारवाडी घरमालकांच्या कानावर कधी पडू दिलं नाही. जैन माणूस, दुकान खाली करायला लावलं असतं.

त्या भिंगात सगळं मावतं. आभाळ, बाग, जावयांची पोटं. पण कडेला प्रकाशातले रंग एकमेकांची साथ सोडतात; लाल जरा बाहेर पळतो, निळा आत राहतो. मधल्यांना त्याची झळ नाही. भाऊंची ही बहीण, अक्का, मात्र अगदी कडेला उभी होती. तिला कोणी तिथं उभं केलं नव्हतं. कोवळ्या वयात कपाळ पांढरं झालेली ती बाई कुठल्याही कार्यात आपणहून कडेलाच जायची. फोटोत तिच्या बिनकाठाच्या पांढऱ्या लुगड्याला बाहेरून लालभडक किनार आली होती आणि आतून निळी.

"हा काठ भिंगाचा आहे, भाऊ," हे म्हणाले.

"भिंगाचा असो नाही तर पैठणचा! सोमवारी पोरीचे सोयरे येऊ राहिले. तोवर पांढरं करा, नाही तर सावद्याचं माणूस तुमची पायरी चढणार नाही!"

ह्यांनी आधी कुंचल्यानं रंग पुसून पाहिला. अक्का चुना दिलेल्या भिंतीसारखी दिसायला लागली. मग ह्यांनी जेवण टाकलं, दाढी वाढवली आणि एका दुपारी न शिवलेल्या ताटावरून ओरडत उठले, "तीनदा छापायचा!"

म्हणजे एकाच कागदावर तीनदा उजेड टाकायचा. लाल काचेतून, हिरव्यातून, निळ्यातून. आणि दरवेळी एन्लार्जरचं, म्हणजे फोटो मोठा करायच्या यंत्राचं, डोकं केसभर हलवायचं. लाल चित्र केसभर लहान, निळं केसभर मोठं, की कडेला तिन्ही रंग पुन्हा एकावर एक बसतात.

"केस कुणाचा धरायचा?" मी अंधारात विचारलं.

"तुझा. माझा जाड आहे."

जळगावचा मे महिना. फोटो धुवायच्या औषधाचं पाणी चहासारखं तापायचं, म्हणून मी ट्रेभोवती बर्फ रचत होते. हिमालयावर उरला नसेल एवढा बर्फ त्या खोलीत वितळला. कागद वाया गेले ते वेगळेच. आणि शेवटी एक फोटो असा निघाला, की लुगडं दुधासारखं! मी नवऱ्याच्या पाया पडले असते, पण पाय बर्फाच्या पाण्यात बुडालेले. तापीच्या दोन्ही काठांवर असा कारागीर झाला नाही. आणि हे मी बायको म्हणून सांगत नाही. बायको म्हणून मला वेगळंच सांगायचं असतं.

सोमवारच्या आत आम्ही सावद्याला गेलो. फरक कळावा म्हणून ह्यांनी जुना फोटोही बरोबर घेतला होता. भाऊंनी नवा पाहिला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाले, "वा."

अक्कानं दोन्ही फोटो ओसरीच्या उजेडात धरले. ह्यांनी तिला तिन्ही काचा, माझा केस, बर्फ, सगळं सांगितलं. ती ऐकत होती. बोट मात्र जुन्या फोटोतल्या लाल काठावरून फिरत होतं, वरून खाली, पुन्हा वरून खाली.

"पहिला चांगला व्हता," अक्का म्हणाली.