आधी दोरा जाळून बघणारी शेवंती

नवरात्राच्या आधीचे दिवस. किनाऱ्यावरच्या बायका मासळीची पाटी घेऊन आमच्या वाडीत येतात, त्या वळणावरूनच हाळी घालतात, "गो वयनी, बांगडे इले गोऽ!" त्या दिवशी हाळी आली नाही. मी घरापुढच्या खळ्यात नारळ सोलत होते, मान वर केली तर पाटीवाली समोर उभी. पाटी खाली ठेवली आणि म्हणाली, "वयनी, शेवंतीकाकी गेली. काल सांजेक." आणि मी विचारलं, "खंय गेली?" आतून कळलेलं असतं हो माणसाला, पण तोंड आपलं खुळ्यासारखं काहीतरी विचारून बसतं. पाटीतले दोन बांगडे काढून तिनं केळीच्या पानावर ठेवले. मी ते घेतले नाहीत. शेवंती गेल्याचं कळल्यावर मासळी घ्यायला हातच पुढे होईना, आणि त्याला कारण आहे. ते सांगायलाच बसले आहे.

मी काही लिहिणारी बाई नव्हे. अक्षरं शिकले ती लेकीच्या शाळेच्या पुस्तकातून, तिच्या शेजारी बसून, चुलीवरचा भात उतू जाऊ देत. इंदू, माझी लेक, म्हणाली, "आये, तू बोलतंस तसांच लिव." तर तसंच लिहिते.

शेवंती होती मासे विकणारी. नवरा होडीवर, मुलगा होडीवर, आणि ही डोक्यावर पाटी घेऊन मालवणच्या किनाऱ्यावरून आमच्या शेतकऱ्यांच्या वाड्यांत. आमची ओळख झाली ती क्रोशामुळे. सावंतवाडीला दिलेल्या माझ्या बहिणीनं मला लोखंडी सुई आणि बारीक पांढऱ्या दोऱ्याचं रीळ पाठवलं होतं. त्यावर मी गरम भांडी उतरवायचा रुमाल विणायला घेतला. नक्षी अशी मोठी, जाळीदार, फुलाफुलांची. शेवंती पाटी उतरवून माझ्यासमोर बसली, बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "वयनी, ह्यां कित्याचां जाळां? माश्ये धरतलंस?" मी म्हटलं, "रुमाल गो. टोप उतरूक." तशी ती हसली ती हसलीच. "जाळ्याक भोकां व्हयीत, पाणी भायर जावूक व्हयां म्हणान. रुमालाक भोकां ठेवलंस तर आंच भितुर येतली आणि हात भाजतलो. उसव ता!"

मी उसवलं. आणि काय सांगू, त्या दिवसापासून ती मला दोरा शिकवू लागली आणि मी तिला सुई. तिच्या घरात जाळी विणायचं सुती सूत होतं, जाड, पीळ घातलेलं. माझ्या लोखंडी सुईच्या टोकात ते बसेचना. मग तिच्या नवऱ्यानं माडाच्या लाकडाची सुई तासून दिली, करंगळीएवढी जाड, टोकाला आकडा. ती सुई हातात घेतल्यावर मला कळलं, की दोरा आणि सुई यांचं लग्नच जमवावं लागतं. जाड दोरा बारीक सुईवर ओढून घेतला तर रुमाल फळीसारखा ताठ होतो, टोपाच्या कडेवर वळतच नाही. बारीक दोरा जाड सुईवर घेतला तर सगळा सैल, गाळणीच. दुधाच्या भांड्यावरची झाकणी असेल तर बारीक दोरा, बारीक सुई, कडेला मणी, म्हणजे वाऱ्यानं उडत नाही. शिंकं असेल तर ओझं पेलणारं सूत. आणि रुमालाला जाड सूत, त्याला शोभेल अशी सुई, मुके, म्हणजे भोक न ठेवणारे, टाके घट्ट घालायचे आणि दोन पदर एकमेकांवर शिवायचे. शेवंती सूत बोटांत फिरवून सांगायची, "ह्यां चुलीकडे बसात. ह्यां बसाचां नाय." जणू सून बघायला आली आहे!

मग आमच्या वाडीत कुणाचंही लग्न असो, आम्ही दोघींनी विणलेलं आंदण ठरलेलं. शिंकं, झाकण्या, रुमालांची जोडी. नव्या नवरीचं स्वयंपाकघर आमच्या हातून सजायचं. शेवंतीला त्याचा केवढा अभिमान! मासळी देताना बायांना ऐकवायची, "घरात रुमाल माझो आसा मां? मगे बांगड्याचो रस्सो उतरताना देवाच्या आधी माझां नाव घे."

आणि माझ्या इंदूचं लग्न ठरलं. कुणकेश्वराच्या बाजूचं घर. शेवंतीला इंदू म्हणजे जीव. तिला मुलगी नव्हती. त्याच वर्षी तिच्या मुलानं नायलॉनचं जाळं आणलं, त्यांच्या वाडीतलं पहिलंच. आता तुम्हाला त्याचं काही वाटणार नाही, पण तेव्हा लोक ते जाळं बघायला यायचे. सुती जाळं रोज वाळवायचं, झाडाची साल उकळून त्या पाण्यात बुडवायचं, तरी कुजायचं. नायलॉनचं कुजत नाही, तुटत नाही, भिजलं तरी जड होत नाही. होडीवरच्या माणसांना ते सोन्यापेक्षा मोठं. त्यातलं उरलेलं सूत मुलानं आईला दिलं आणि आईनं ते इंदूसाठी ठेवलं. घरात जे सगळ्यात मोलाचं आलं होतं ते तिनं इंदूला दिलं, एवढंच लक्षात ठेवा.

काय सुंदर रुमाल झाले होते! पांढरेशुभ्र, चकाकणारे, टाका टाक्याला घट्ट लागलेला. लग्नात या हातातून त्या हातात गेले. मी गालाला लावून बघितले. म्हाताऱ्या बायांनी बघितले, होडीवाल्या पुरुषांनी बघितले. एवढी माणसं, सगळी चुलीवर शिजलेलं खाणारी... पण नायलॉन विस्तवाजवळ काय करतं हे एकालाही ठाऊक नव्हतं. समुद्रात कुठे विस्तव असतो?

इंदूनं सासरी पहिल्यांदा भाताचा टोप उतरवला. कडेला जाळ लागलेला. रुमाल वितळला आणि तळहाताला चिकटला. सासूनं धावत येऊन खोबरेल ओतलं, पण रुमालाबरोबर कातडीही निघाली. हात बरा झाला. तळव्यावर मात्र एक ताणलेला, गुळगुळीत पट्टा राहिला, अजून आहे.

ही बातमी शेवंतीला माझ्याआधी कळली, कारण मासळीच्या पाट्यांबरोबर बातम्याही गावोगाव फिरतात. ती आली आणि खळ्याच्या कडेलाच बसली. पाटी नव्हती. मी म्हटलं, "भितुर ये गो." नाही आली. म्हणाली, "माझ्या हातान तुझ्या चेडवाचो हात जळलो." मी म्हटलं, "अगो शेवंते, तुका खंय म्हायत होतां?" तर माझ्याकडे बघून म्हणते, "माका म्हायत नव्हतां म्हणान तिचो हात जळूचो रवलो काय?"



तिनं क्रोशा सोडला. माडाची सुई समुद्रात टाकली असं तिचा नवरा म्हणाला. आमच्याकडे येणं सोडलं नाही, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकेना, पाणीसुद्धा खळ्यातच मागायची. आणि मासळी... बाकी घरांना मोजून देईल, आमच्या पानावर दोन जास्त. पापलेट आला तर आधी आमच्याकडे. मी नको म्हणायची, ती ऐकायची नाही, पान उचलून ओट्यावर ठेवून चालू लागायची. पुढे पुढे मी नको म्हणणंही सोडून दिलं. घरात सगळ्यांना मासे आवडायचे... ती दंड भरत होती आणि आम्ही तो रश्श्यात घालून जेवत होतो. ते बांगडे घ्यायला त्या दिवशी माझा हात का पुढे झाला नाही, ते आता तुमच्या ध्यानात आलं असेल.

इंदू पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा शेवंती मागच्या वाटेनं जायला लागली, गाठ पडू नये म्हणून. एक दिवस इंदूनं तिला वाटेतच धरलं. पोट एवढं पुढे आलेलं, कमरेवर हात, उभी राहिली वाट अडवून. "शेवंतीमावशे, माका रुमाल व्हयो."

"बाजारात गावतत."

"बाजारातल्या रुमालान हात भाजलो तर गाळी कोणाक देवू? दुकानदार माका वळखता काय? तू वळखीची आसस."

शेवंती आधी हबकली. मग तिला हसू आलं. किती दिवसांनी आलं असेल कोण जाणे! हसता हसता तिनं इंदूचा हात ओढला, तळवा उलटा केला, तो पट्टा अंगठ्यानं चाचपत राहिली. मग म्हणाली, "दुखता?" इंदू म्हणाली, "थंडीत वायच ताणता." खोटं नाही बोलली माझी लेक. मी असते तर "काही नाही गो, काही नाही" म्हटलं असतं. इतकी वर्षं मी तेच म्हणत आले होते आणि त्यानं शेवंतीचं ओझं गुंजभरही हललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती पाटीत मासळीऐवजी सूत घेऊन आली. तऱ्हातऱ्हांचं. माझ्या चुलीपाशी बसली, आत, कितीतरी काळानंतर. प्रत्येक सुताचा तुकडा जाळावर धरून बघितला. एक आक्रसलं, गोळी झाली, तिनं ते बाजूला फेकलं. एक भडकन पेटलं. शेवटी नवऱ्याच्या जुन्या, फाटक्या जाळ्याचं सुती सूत होतं, उकळून उकळून मीठ काढलेलं. ते नीट कागदासारखं जळलं, त्याची मऊ राख झाली. ती राख तिनं बोटांत चोळली. नवऱ्यानं नवी सुई तासून दिली होती, पहिलीपेक्षा किंचित बारीक. म्हणाली, "टाको घट्ट व्हयो. ह्या खेपेक आंचेक वाट ठेवूची नाय."

रुमाल झाला. मळकट, तपकिरी, रूप म्हणून काही नाही. इंदूनं हात पुढे केला, तर शेवंती म्हणाली, "थांब." चुलीवर पाण्याचा टोप खळखळत होता. तिनं रुमाल धरला, टोप उचलला आणि उचलून उभी राहिली. खाली ठेवीच ना! वाफ तोंडावर येते आहे, ही आपली डोळे मिटून उभी. मी ओरडले, "ठेव गो! ठेव मेले!" इंदू म्हणाली, "मावशे, पुरे." तरी धरून. आपला हात भाजायची ती वाट बघत होती असं मला वाटलं... आणि बहुतेक खरंच बघत होती. मग ठेवला. तळवा उघडून बघितला. लालसर झाला होता, बस. तेव्हा कुठे रुमाल इंदूला दिला.

त्यानंतर ती पुन्हा विणू लागली. नंतरचे तिचे रुमाल पहिल्यापेक्षा चांगले, अगदी घरोघर मागणी. पण दोरा जाळून बघितल्याशिवाय टाका घातला नाही, आणि टोप स्वतः धरून बघितल्याशिवाय रुमाल दिला नाही. बाया हसायच्या, "शेवंतीची परीक्षा झाली काय गो?" मीही हसायची. प्रत्येक वेळी त्या जाळात तिला काय दिसत असेल, हे मला तेव्हा सुचलं नाही.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा तिच्या घरी गेले. यंदा त्यांना सण नाही, पण पावसानं भिंती हिरव्या झालेल्या, म्हणून सून चुना मारत होती. मला बघून हात धुतले, चहा ठेवला. चहा उकळला तसा मी तो उतरवायला रुमाल मागितला. सून म्हणाली, "रुमाल खंय आसा काकी? आमच्या घरात एक पण नाय. सासूबाय आपणाक कधी केल्यानीच नाय. आमी फडक्यान उतरतो." आणि जुन्या लुगड्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला. सगळ्या वाडीचे हात जपणाऱ्या बाईच्या घरी, लुगड्याचा तुकडा.

चुलीच्या बाजूच्या भिंतीवर, बसल्या जागी हात पोचेल इतक्या उंचीवर, काळे ठिपके होते. लहान लहान, एकाशेजारी एक, काही एकमेकांवर चढलेले. सून म्हणाली, "दोरो जळलो की हयच चिरडून विझवी." बाकी सगळ्या भिंती पांढऱ्या झाल्या होत्या. तेवढी जागा तिनं सोडली होती. "काकी, तुमी सांगा. ह्यां रवांदे, काय चुनो मारू?"

मी चहाचा पेला तसाच धरून बसले. ठेव म्हणावं, तर तिचा अपराध तिच्याच भिंतीवर मी ठेवून दिला असं होतं. आणि पुसायला सांगावं, तर त्या घरात शेवंती बसायची अशी दुसरी खूण कुठे होती? शेवटी म्हटलं, "मार चुनो. आता पुरे झालां तिका."

सुनेनं कुंचा फिरवला. ओला चुना पातळ दिसतो, त्याच्याखालून ठिपके सगळे तसेच दिसत होते, उलट जास्तच काळे. सून म्हणाली, "वाळल्यार जातले." आम्ही दोघी बघत बसलो. एका कोपऱ्यातून भिंत पांढरी होऊ लागली... मी उठले, चपला पायात सरकवल्या, आणि पुरती वाळायच्या आत घरी निघाले.