घोडीचा पोळा

खडकवासल्याच्या पुढे आम्ही घर बांधलं, तेव्हा शनिवार पेठेतल्या नातेवाइकांनी दोनच प्रश्न विचारले: तिथे पाणी येतं का, आणि दूध कोण घालतं. घोडी आणली तेव्हा मात्र कोणी काही विचारलं नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई फक्त एवढंच म्हणाल्या, "बरं झालं, पेट्रोलचा प्रश्न मिटला."

घोड्यावर बसायचं स्वप्न माझं नव्हतंच, यांचं होतं. सगळा जन्म सरकारी कचेरीत फायलींपुढे काढला आणि निवृत्त झाल्यावर एका घोडेस्वारीच्या शाळेतून म्हातारी म्हणून काढलेली तांबूस घोडी घरी आणली. दोन महिन्यांत यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी स्वारीला साफ नकार दिला. मग खरारा, खूर साफ करणं, चारापाणी यांच्याकडे आणि वर बसायचं काम माझ्याकडे आलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी, पंजाबी ड्रेस घालून, मी रिकिबीत पाय अडकवायला शिकले. हे लगाम धरून शेजारून चालायचे आणि "पाठ ताठ ठेव, पाठ" म्हणून माझा जीव खायचे. मी चिडायचे. पण ऑपरेशननंतर हाच माणूस दिवसचे दिवस भिंतीकडे तोंड करून पडलेला मी पाहिला होता. आता ते सकाळी सहाला उठत होते, तेही तिच्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

तबेल्याच्या दारावर पाटी होती: "घोडीला काहीही खायला घालू नये. माया दुरून करावी." अक्षर माझं. तीस वर्षं फळ्यावर लिहून आलेलं.

गेल्या भाद्रपदात पोळा आला; इकडे तो श्रावणात नाही, भाद्रपदात असतो. सकाळपासून गावात बैल रंगवून, झुली घालून फिरत होते. आमच्याकडे बैल नाही, म्हणून मी घोडीला ओवाळायचं ठरवलं. हे म्हणाले, "ओवाळ, पण तिच्या तोंडाला काही लावू नकोस. नैवेद्य ताटातच राहू दे." आणि जेवून जरा आडवे झाले.

मी कुंकू लावलं, ओवाळलं. तेवढ्यात शेजारच्या मळ्यातल्या वहिनी सुपात पुरणपोळ्या घेऊन आल्या. मी ताटातली पोळी उचलून बाजूला ठेवते आहे हे पाहून त्यांना वाईटच वाटलं.

"आवं काकू, सन हाय आज. मुक्या जनावराला उपाशी ठेवत्यात व्हय? आमच्या बैलांनी पाच पाच खाल्ल्या."

मला लाज वाटली. शहरातून आलेली कंजूस बाई असं त्यांना वाटेल, याची. बैलांना चालतं ते हिला का चालू नये, असंही मनात आलं. मी पोळी पुढे केली. घोडीनं ती अशी मिटक्या मारत खाल्ली की मला हसू आलं. वहिनींनी त्यांच्या सुपातल्या सगळ्या घातल्या आणि त्या गेल्या. मग मी आत जाऊन आमचा डबा आणला. ती ओठांनी माझा तळहात चाचपत राहिली आणि मी देत राहिले. डबा रिकामा झाला.

चारच्या सुमारास ती पुढच्या पायानं जमीन उकरू लागली. मान वळवून स्वतःच्या पोटाकडे बघायची, खाली बसायची, पुन्हा उठायची. यांनी गुरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते आले, पोटाला कान लावला आणि विचारलं, "काकू, आज खाण्यात काही वेगळं?"

हे माझ्याकडे बघत होते.

"नैवेद्याची एक पोळी," मी म्हणाले. "एकच."

आयुष्यभर मी मुलांना उभं करून विचारत आले, खरं बोल, कोणी खाऊन टाकणार नाही. आणि माझ्यावर वेळ आली तेव्हा माझं तोंड असं उघडलं.

"एका पोळीनं एवढं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "ओल्या चाऱ्यानं वात धरला असेल." त्यांनी इंजेक्शन दिलं, तिला चालवत ठेवा म्हणाले आणि दुसऱ्या गावाला गेले.

आम्ही तिला अंगणात फिरवत राहिलो. यांना चालून धाप लागत होती. मी लगाम मागितला, त्यांनी दिला नाही. दिवेलागणीला ती कोसळली आणि उठेना. तिचं अंग घामानं निथळत होतं. तेव्हा मी सांगितलं. सूप, डबा, सगळं.

त्यांनी फोन काढला. "डॉक्टर, एक पोळी नव्हती, टोपलीभर होत्या," ते म्हणाले. "हो. मीच घातल्या. बायकोला माहीत नव्हतं."

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. बैल रवंथ करतो, घोडा करत नाही, घोड्याला उलटीसुद्धा होत नाही. तुम्हाला हे माहीत नाही? दुपारीच कळलं असतं तर नळी घालून पोट रिकामं केलं असतं. हे मान खाली घालून "हो, चुकलं" म्हणत राहिले. डॉक्टर येईपर्यंत घोडी गेली होती. पोट आतून फुटलं होतं, असं ते म्हणाले.

वहिनी भेटायला आल्या तेव्हा ढसाढसा रडल्या. "माझ्या हातानं घातल्या वो," म्हणाल्या. यांनी त्यांनाही सांगितलं, तुमच्या चार पोळ्यांनी काही झालं नाही, आदल्या रात्रीच्या खुराकात माझंच माप चुकलं होतं. गावात आता तेच बोलतात, की काकांनीच घोडी मारली. हे पुन्हा नऊनऊ वाजेपर्यंत पडून असतात.

परवा मुलाचा फोन आला. हे अंथरुणातच होते, फोन स्पीकरवर. "बाबा, घोड्यांवरची एवढी पुस्तकं वाचलीत, आणि एवढी साधी गोष्ट कळली नाही तुम्हाला?" तो रागानं म्हणाला. "आईच्या मनाला किती लागलंय ते!"

"हो रे," हे म्हणाले. "माझंच चुकलं."

मी शेजारीच बसले होते. माझ्या हातात त्यांचा चहा होता. मुलगा अजून फोनवर होता. मी चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे धरला.