डोलकाठीचा दोर

उत्तनच्या आमच्या घरात बी. ए. झालेला पहिला मी. हे मी आजही छाती काढून सांगतो. पण त्या वर्षांत दुसरी एक गोष्ट सांगायला मात्र लाजायचो. कॉलेजात कोणी विचारलं, वडील काय करतात, तर म्हणायचो, धंदा. कसला ते सांगत नव्हतो. बाबा शिडाच्या होडीवर मासेमारी करायचे.

नोकरी लागल्यावर रजा साठवून मी लेणी, किल्ले, पडकी देवळं बघत हिंडायचो आणि चित्रं काढायचो. टाक, काळी शाई आणि बारीक बारीक ठिपके. वेरूळला चार दिवसांत एकच हत्ती झाला. त्याच्या पायाची खपली उडाली होती, तीही काढली. नियम एकच, दगडावर नाही ते कागदावर नाही. हा नियम माझ्या कॉलेजच्या सरांचा. ते जुन्या शिल्पांवर पुस्तक लिहीत होते आणि माझी पाच चित्रं त्यात घेणार होते. पुस्तकात आपलं नाव छापून येणार! मला दुसरं काही सुचत नव्हतं.

पाचवं चित्र बोरिवलीजवळच्या वीरगळाचं. लढाईत पडलेल्यांसाठी उभारलेला दगड, त्यावर कोरलेल्या होड्या. सकाळचं तिरपं ऊन असेल तेवढाच वेळ रेषा दिसायच्या, त्यामुळे एका होडीला तीन रविवार गेले. घरात कागद ठेवायला जागा कुठली? सुक्या बोंबलांच्या टोपलीवर फळी टाकून त्यावर ठेवायचो. आई म्हणायची, "तुझ्या देवांना पन बोंबलाचा वास लागला रं." सरांकडे नेण्याआधी मी ते कागद तासभर वाऱ्यावर धरायचो.

बाबांनी माझ्या चित्रांकडे कधी ढुंकून पाहिलं नव्हतं. ही होडी मात्र त्यांनी हातात घेतली.

"दोर कुठं हाय?"

"कसला दोर?"

"काठीला धरून ठेवनारा. अशी नुसती उभी केलीस, तर पयल्या वाऱ्यात पडंल. मानसं मरतील ना."

"बाबा, ती माणसं कधीच मेली. आणि दगडावर दोर नाहीये."

"दगडावर न्हाय म्हनून दर्यात पन नव्हता? यवढा शिकलास तू!"

पुढच्या रविवारी मी निघायच्या आधीच ते लग्नाकार्याची पँट घालून ओट्यावर बसले होते. वीरगळापाशी पोचल्यावर त्यांनी चपला काढल्या, दगडापुढे उकिडवे बसले आणि डोळे मिटून अंगठा फिरवू लागले. डोलकाठीच्या टोकापासून खाली, होडीच्या कडेपर्यंत.

"हितं हाय. बोट लाव."

मी लावलं. काही लागेना.

"शाईत बुडवून बुडवून बोटं बधिर झाली तुझी," असं म्हणून त्यांनी माझाच अंगठा पकडला आणि हळूहळू खाली नेला. मिठाने तडकलेला, खरखरीत हात. लहानपणानंतर त्यांनी माझा हात असा धरल्याचं मला आठवत नव्हतं. या खेपेला काहीतरी लागलं. खरंच लागलं, की बाबा म्हणाले म्हणून लागलं, हे मला आजही सांगता येणार नाही.

घरी येऊन मी तिथे एक तुटक रेघ काढली. पूर्ण रेघ काढायची हिंमत झाली नाही.

सरांनी चित्र खिडकीपाशी नेलं. "ही तुटक रेघ कसली?"

"डोलकाठीचा दोर, सर. झिजलाय."

"पुरावा?"

"माझ्या वडिलांच्या हाताला लागला." मग एकदाचं बोललो, "ते मच्छीमार आहेत, सर. होडीवर जातात."

सर रागावले नाहीत. म्हणाले, "त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण पुस्तकात एवढ्यावर चालत नाही. रेघ काढून टाक आणि उद्या आणून दे."

ब्लेडने शाई खरवडायची, दोन मिनिटांचं काम. सरांचा नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. तरी म्हणालो, "मग हे चित्र राहू द्या, सर." भाईंदरहून उत्तनच्या बसमध्ये तो कागद मांडीवर घेऊन बसलो. घरी आल्यावर खिळा मारून भिंतीला लावला.

पुस्तक आलं. चार चित्रं, प्रत्येकाखाली माझं नाव. आईने हात पुसून ते नाव बोटाने चाचपलं. बाबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी एकेक पान शेवटापर्यंत उलटलं, मग पुन्हा पहिल्यापासून उलटलं.

"माझी होडी?"

मी म्हणालो, "पानात मावली नाही, बाबा."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, पुस्तक मिटलं आणि अगदी समजुतीने म्हणाले, "न्हायच मावनार. दोरासकट हाय ना ती."