टिकली लावलेली बॅटरी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिच्याच टिकलीचा यात हात आहे, तरीही नाही. सहा वर्षं झाली. आज तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मिलिंदला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखत असतात तर आजही गप्पच बसलो असतो — हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

मी नाहूरला राहतो. टीव्ही दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं. रेडिओवर चालणारी छोटी विमानं उडवायचं वेड मला मिलिंदने लावलं. तो मुलुंडचा, एका कारखान्यात टूलरूमला होता. केसाएवढा फरक नुसत्या बोटाने ओळखायचा. हात हीच त्याची इस्टेट. बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाच्या पातळ फळ्या कापून अख्खं विमान घरी बांधायचा आणि मग लेकीच्या लग्नात मिरवावं तसा मिरवायचा. दर रविवारी सकाळी आम्ही पाच-सहा जण पंख जुन्या चादरीत गुंडाळून बोरिवलीहून बोटीने गोराईला जायचो. पलीकडे भात कापून मोकळी झालेली शेतं होती. बोटवाला दर वेळी एकच विचारायचा, "काय काका, आज किती पडणार?"

आमच्यात बॅटऱ्यांचं खातं माझ्याकडे होतं. इथे जरा समजून घ्या, कारण माझं पाप इथेच आहे. त्या विमानांना पेट्रोलचं छोटं इंजिन असतं. पण आपण जमिनीवरून दिलेला हुकूम ऐकणारा रिसीव्हर, आणि पंख-शेपूट हलवणाऱ्या बारक्या मोटरी, या एका वेगळ्याच लहान बॅटरीवर चालतात. इंजिन बंद पडलं तर विमान तरंगत खाली आणता येतं. ही बॅटरी गेली तर ते विमान कुणाचंच राहत नाही.

हे भाषण मी प्रत्येक नवख्याला द्यायचो. बॅटरी स्वस्तातली घेऊ नकोस. चार्ज सावकाश कर, लादीवर ठेवून, पडद्यापासून लांब, आणि घरात माणूस असतानाच. सेल गरम लागला की काढ. आणि मीटरच्या आकड्याला भुलू नकोस रे — नुसती पडून असलेली बॅटरी काहीही आकडा दाखवते. तिला गाडीचा बल्ब जोड, कामाला लाव, मग बघ. म्हातारी बॅटरी बसल्या जागी ठणठणीत दिसते, ओझं आलं की मान टाकते. मला हे सगळं माहीत होतं. मीच शिकवायचो. हे नीट लक्षात ठेवा.

बॅटरी चार्ज झाली, बल्बच्या कसोटीला उतरली, की मी बायकोच्या पाकिटातली एक लाल टिकली तिच्यावर चिकटवायचो. "सौभाग्यवती झाली का रे?" मिलिंद विचारायचा. थट्टा खरी, पण टिकली दिसली की पुन्हा कुणी तपासायचं नाही. टिकली म्हणजे माझा शब्द होता.

त्या शनिवारी मालवणहून मेहुणा आला होता. संध्याकाळी पाच बॅटऱ्या चार्जरवरून काढल्या, मीटर लावला, आकडे छान होते. आतून बांगडा तळल्याचा वास येत होता, मेहुणा हाका मारत होता. बल्ब उद्या सकाळी लावू म्हटलं — आणि टिकल्या मात्र तेव्हाच लावून टाकल्या. पाचही बॅटऱ्यांवर. हातासरशी.

सकाळी विसरलो, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलो. खोटं आहे ते. विसरलो नव्हतो. पिशवी भरताना बल्ब समोर होता, मी तो बघितला. बोट चुकेल म्हणून निघालो. त्यातली एक बॅटरी मिलिंदची होती, तीन वर्षांची. महिन्यापूर्वी त्याने विचारलं होतं, नवी घेऊ का? मीच म्हटलं होतं, कशाला, अजून एक सीझन आरामात जाईल.

त्या दिवशी त्याने लेकीला आणि नातीला आणलं होतं. नात दोन वर्षांची, मितू. आमच्या मागे चटईवर बसली होती, आईच्या मांडीला टेकून, हातात बिस्किट. आजोबांचं विमान वर गेलं की ती बिस्किट वर करून दाखवायची. मिलिंद खुशीत होता. नातीसाठी म्हणून त्याने विमानाला हवेत मोठी कोलांटी घ्यायला लावली. कोलांटीच्या तळाला सगळ्या मोटरी एकदम जोर लावतात — ओझं येतं ते तिथेच. विमान वर उठलंच नाही. वळलं आणि इंजिनाचा आवाज तसाच ठेवून आमच्या डोक्यावरून मागे गेलं. सरळ. चटईकडे.

मितूपासून चार हातांवर ते जमिनीत घुसलं. चार हात. तिने टाळ्या वाजवल्या. तिला वाटलं, आजोबांनी खेळ केला.

सगळे पोरीकडे धावले. मी कुठे धावलो? विमानाकडे. आज हे सांगतानाही विश्वास बसत नाही, पण माझे पाय तिकडेच गेले. तुटलेल्या लाकडात हात घातला, बॅटरी उपसून काढली, नखाने टिकली खरवडली आणि बॅटरी खिशात टाकली. किती वेळ लागला असेल? पोरगी जिवंत आहे की नाही हे बघायच्या आत मी टिकली खरवडली होती. हा माणूस माझ्यात कुठे बसला होता? मला तो त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हता.

आणि तरी हे सगळं नाही.

मिलिंदने मला — फक्त मला — काही दिवस आधी सांगितलं होतं की सकाळी चहाचा कप धरताना उजवा हात जरा थरथरतो. डॉक्टर म्हणाले होते, वयाचं आहे, काळजीचं कारण नाही. कुणाला बोलू नकोस म्हणाला होता. तो शेतात उभा होता, रिमोट गळ्यात, चेहरा पांढराफटक. मी त्याच्याजवळ गेलो, खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "हात थरथरला का रे तुझा?"

बघा, मी खोटं बोललोच नाही. नुसतं विचारलं. आवाज माझाच होता, मायेचा होता, आणि तो ऐकून मीच हादरलो. शब्द परत घ्यायला तिथल्या तिथे वेळ होता. त्याने स्वतःच्या हाताकडे बघितलं, उलटा-सुलटा करून. "असेल रे," म्हणाला.

घरी येऊन मी ती बॅटरी मीटरवर लावली. आकडा झकास. बल्ब जोडला. तांबडा झाला आणि विझला. ती बॅटरी अजून माझ्या खणात आहे.

मिलिंदने पुन्हा विमान उडवलं नाही. रिमोट मला देऊन टाकला, बाल्साच्या फळ्या वाटल्या. तेवढंच असतं तर कदाचित मी तुमच्यापर्यंत आलोही नसतो. पण त्याने मितूला पुन्हा उचललं नाही. ती दोन्ही हात वर करून समोर उभी राहायची, आणि हा माणूस हात पाठीमागे न्यायचा. लेक चिडायची, बायको समजावायची, डॉक्टर पुन्हा म्हणाले काही नाही. त्याला पटलं नाही. कसं पटेल? त्याच्या हातांना सगळ्यात जास्त ओळखणाऱ्या मित्राने विचारलं होतं. मग मितूनेच हात वर करणं सोडलं. आता ती आठ वर्षांची आहे, आता काय उचलायचं.

या सहा वर्षांत मी त्याच्याकडे किती वेळा गेलो असेन. त्याच्यासमोर बसून चहा प्यायलो. तो कप दोन्ही हातांनी धरतो, ते बघितलं. एक वाक्य होतं — बॅटरी गेली होती, तुझा हात नाही. जिभेवर यायचं. मी बिस्किट खायचो.

गेल्या महिन्यात त्याच्या लेकीच्या दुसऱ्या मुलीचं बारसं होतं, मुलुंडला. लेकीने बाळ आणून बापासमोर धरलं. "बाबा, घ्या ना. एकदाच." मिलिंदचे हात पाठीमागे गेलेच होते. त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसला, मनापासून.

"शेखर, तू घे रे. तुझा हात पक्का आहे."

मी हात पुढे केले आणि बाळ घेतलं. मिलिंद जवळ आला, हात पाठीशी तसेच बांधलेले, आणि माझ्या हातांतल्या त्याच्या नातीकडे वाकून बघत राहिला.