किसनच्या वाटणीची कू

मी विज्ञानाचा मास्तर. भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना मी बाकावर उभं करायचो. त्यामुळे हे लिहिताना माझीच मला लाज वाटते... पण लिहितो.

१९७१ सालची दिवाळीची सुट्टी. पारनेरहून मी अकोले तालुक्यात, रतनगडाच्या पायथ्याचं जंगल बघायला गेलो होतो. आज ते अभयारण्य आहे, तेव्हा नुसतं राखीव जंगल. प्रवरेचं पात्र, ओढे, धबधबे — डोळे निवले अगदी. वाट दाखवायला वाडीतला किसन आणि त्याची बायको हौसा. बरोबर कुडासाठी कारवीच्या काठ्या तोडायला आलेले आणखी तिघे.

त्यांची एक रीत होती. दुपारी निघायच्या वेळी हौसा कड्यावरून 'कूऽऽ' करायची. खाली पांगलेल्या प्रत्येकानं एकेक कू द्यायची — म्हणजे मी ठीक आहे, आपल्या वाटेनं घरी निघालो. माझी धरून पाच. पाच आल्याशिवाय ती हलायची नाही.

त्या दिवशी चारच आल्या. किसन धबधब्याकडे गेला होता. मला शेंडी गावाहून एसटी गाठायची होती. रमला असेल, येईल मागून, म्हणून मीच दुसऱ्यांदा कू ठोकली! पाण्याच्या आवाजात कुणाची कुठली, कोण ओळखणार? हौसा निघाली.

एसटी चुकलीच. मी वाडीत परतलो. दिवस मावळला तरी किसन नाही.

"कू तर दिल्ती त्यानं," हौसा सारखी म्हणत होती. "वाटंतच कुठंतरी असंल."

सगळे घरच्या वाटा धुंडाळत राहिले. धबधब्याकडे कुणीच गेलं नाही. आणि मी... मी गप्प बसलो. भ्याड होतो, दुसरं काय!

सकाळी, घरच्या वाटा धुंडाळून संपल्यावर, धबधब्यापाशी हौसानं कू केली. खालून लगेच उत्तर आलं. ती धावली, मी मागं. कपारीत किसन पडला होता. पाय मोडलेला, अंग थंडगार, ताठ. सरपटत दहा हात आला होता बिचारा, नखं निघाली होती. म्हणजे कितीतरी वेळ जिवंत होता.

हौसानं वेड्यासारखी पुन्हा कू केली. समोरच्या पाण्यातून पुन्हा उत्तर आलं. माझ्या आवाजात! मी तिच्या शेजारी उभा, तोंड मिटलेलं.

ती माझ्याकडे वळली. "मास्तर, काल शेवटची हीच हुती."

प्रतिध्वनी मी पुढं वीस वर्षं शिकवला. एक दिवस उशिरानं, तेही दोनदा परत येणारा आवाज मला कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

हौसानं मला शिवी दिली नाही. एवढंच विचारलं, "लई घाई हुती का?"