कलाबाईंचं गुहागरचं घर

ज्वारीच्या मुलखातल्या उंद्रीच्या कलाबाई लग्नानंतर चौथ्या वर्षी गुहागरला गेल्या. नवरा उकंडराव जिल्हा परिषदेचे शिक्षक, आणि नेमणूक मिळाली ती थेट समुद्रापाशी. वर्ष-दोन वर्षांत बदली होईल म्हणून कलाबाईंनी ट्रंकही नीट उघडली नव्हती. राहिल्या तीस वर्षं. तिथेच दोघांनी आठ खोल्यांचं घर बांधलं. तीन माणसांना आठ खोल्या कशाला, असं शेजारी विचारत. उत्तर मे महिन्यात मिळे. उंद्रीहून दोन जीपा भरून दीर, जावा, पोरंबाळं येत आणि मोठी जाऊ झुंबरबाई ज्वारीच्या पिठाचं पोतं घेऊन उतरे. "इकडं निरा भातच खातेत," म्हणे.

निवृत्तीनंतर उकंडरावांचा दमा त्या दमट हवेत बळावला. डॉक्टरांनी कोरड्या हवेत जायला सांगितलं. दोघं उंद्रीला परतली, आणि दोन वर्षं कुलूप लावून ठेवलेलं घर शेवटी विकायचं ठरलं. मुलीने, प्राचीने, मोबाइलवर जाहिरात टाकली: प्रशस्त घर, समुद्र पाच मिनिटांवर. नंबर आईचा दिला.

फोन येऊ लागले. कलाबाई मेथीच्या वाफ्यात बसून बोलत आणि खरं ते सगळं सांगून टाकत. विहीर उन्हाळ्यात मचूळ होते. पश्चिमेची भिंत ओल धरते. नारळ कौलांवर पडतात. चार गिऱ्हाइकं गेली.

"आई, तू घर विकून राह्यली का वाचवून राह्यली?" प्राची चिडली.

ओट्यावर बसलेल्या उकंडरावांनी मान खाली घातली. "माह्या दम्यापायी तुले ते घर सोडा लागलं."

"तुमच्यापायीच तं भेटलं होतं," कलाबाई म्हणाल्या.

पाचवा फोन गुहागरच्याच विजया मयेकरांचा. त्यांनी किंमत विचारलीच नाही. "आम्ही तीन जावा, एकूण एकोणीस माणसं, तीन ठिकाणी भाड्याने राहतो. सगळ्यांना एकत्र जेवायला बसता येईल का हो?"

कलाबाई मेथी टाकून बांधावर येऊन बसल्या. "माजघरात दोन पंगती बसतात," त्या म्हणाल्या, आणि मग तासभर बोलतच राहिल्या. ओलीचं सांगितलं तेव्हा पलीकडून हसू आलं. "वहिनी, आमच्या गावात कोरडी भिंत कुठून आणू?"

घर कलाबाईंच्या नावावर होतं. व्यवहार ठरल्यावर प्राचीला घेऊन त्या गुहागरला गेल्या, खरेदीखतावर सह्या केल्या आणि विजयाबाईंना एकेक खोली दाखवली. कुठली खिडकी पावसात फुगते, कुठला नळ गळतो, सगळं. तोवर मयेकरांच्या पोरांनी खोल्या वाटूनही घेतल्या होत्या. दोन मुलींचं माडीवरच्या खोलीवरून कडाक्याचं भांडण जुंपलं होतं. ते कानावर आलं आणि सकाळपासून आवरलेलं रडू कलाबाईंना आवरेना.

विजयाबाईंनी त्यांना जवळ घेतलं. "मे महिन्यात या. सगळ्यांना घेऊन."

"जागा पुरंल का?"

"घर तुम्ही बांधलंत. मला काय विचारता?"

तिसऱ्या दिवशी कलाबाई उंद्रीला पोचल्या. उकंडराव अंगणात बाज टाकून वाट बघत होते.

"रडली का?"

"हाव. पण त्याइनं जेवू घातलं, पोटभर जेवली बी."

"बस," ते सरकून जागा करत म्हणाले, "सांग आता पह्यल्यापासून."